बंद खोलींतील आरसा

पवित्र शास्त्रांतील याकोबाच्या पत्रांत एका माणसाचा दृष्टांत आहे. हा मनुष्य आरशांत आपलें मुख पाहतो, पाहून निघून जातो आणि तें कसें होतें हें लागलेंच विसरतो. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं हा उतारा आम्हीं कितीदां तरी ऐकिला होता. दृष्टांत सोपा वाटे. आणि जें सोपें वाटतें त्याकडे मनुष्य फारसें लक्ष देत नाहीं, त्याप्रमाणें आम्हींही दिलें नाहीं. त्याचा खरा अर्थ आम्हांस कळला तो प्रार्थनामंदिरांत नव्हे, तर इ. स. २०२१ च्या एप्रिल महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेंत, एका बंद खोलींत, हातांत शिसपेन्सिल असतांना. साथीच्या काळांत एकट्या पडलेल्या मनुष्यानें चित्र कां काढावें, आणि तें काढीत असतां त्याला स्वतःविषयीं काय कळूं शकतें, ह्याचा थोडा विचार ह्या लेखांत करावा असा आमचा मानस आहे.

आज आमच्या शाळेंत शिकणारीं कित्येक मुलें त्या वेळीं अगदीं लहान होतीं. त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड ही जगव्यापी साथ असल्याचें जाहीर केलें, आणि २५ मार्चपासून सबंध भारतांत प्रथम एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली; ती पुढें वाढत गेली. महाराष्ट्रांत त्या वर्षीं दहावीचा भूगोलाचा पेपर होऊंच शकला नाहीं, आणि पुढच्या वर्षीं तर दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली. शाळेचें फाटक बंद, रस्ते ओस, शेजारी आपापल्या खिडकींत. ज्याला रोग जडला, किंवा जो रोग्याच्या संसर्गांत आला, त्याला घरांतल्या घरांत दूर बसावें लागलें. शास्त्रीय भाषेंत रोग्याला निराळें ठेवणें तें विलगीकरण, आणि जो अद्याप रोगी ठरला नाहीं पण ज्याच्याविषयीं शंका आहे त्याला वेगळें ठेवणें तें क्वारंटीन. कोंडलेल्या मनाला मात्र हा भेद फारसा जाणवत नाहीं. दार दोघांचेंही सारखेंच बंद असतें.

क्वारंटीन हा शब्द जुना आहे. एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं रागुसा नांवाचें बंदर होतें. आज त्याला डुब्रोव्हनिक म्हणतात व तें क्रोएशिया देशांत आहे. इ. स. १३७७ मध्यें तेथील राज्यसभेनें असा नियम केला कीं, प्लेगच्या मुलखांतून येणाऱ्या मनुष्यानें शहरांत पाऊल टाकण्यापूर्वीं तीस दिवस बाहेर नेमलेल्या जागीं राहावें. पुढें इतर बंदरांत ह्या तीस दिवसांचे चाळीस झाले. चाळीस ह्या अर्थाचा इटालियन शब्द 'क्वारांता', त्यावरून क्वारंटीन. हा आंकडा शास्त्र वाचणाऱ्यास परका नाहीं. जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस पडला, मोशे चाळीस दिवस पर्वतावर राहिला, आणि प्रभु येशूनें रानांत चाळीस दिवस उपास केला. ह्या कथांत चाळीस दिवस हा नुसता वाट पाहण्याचा काळ नसून कसोटीचा काळ आहे. त्यांतून जो बाहेर पडतो तो आंत गेला तसाच राहत नाहीं.

परंतु कोंडलेला मनुष्य त्या दिवसांत करतो तरी काय? ह्याचें एक उत्तर कांहीं जुन्या भिंतींवर वाचावयास मिळतें. व्हेनिस शहराजवळ उथळ पाण्यांत लाझारेत्तो नुओव्हो नांवाचें बेट आहे. दूरदेशांहून येणारीं गलबतें, माल व माणसें थोपवून ठेवण्यासाठीं व्हेनिसच्या सरकारनें इ. स. १४६८ मध्यें तें नेमून दिलें. तेथील शंभर मीटरांहून लांब अशा एका कोठारांत व्यापाऱ्यांचा माल हवा देऊन शुद्ध करीत असत. त्या कोठाराच्या भिंतींवर सोळाव्या शतकांतील व्यापाऱ्यांनीं व पहारेकऱ्यांनीं तांबड्या रंगानें काढलेलीं नांवें, व्यापाराच्या खुणा व चित्रें अद्याप दिसतात. ऑस्ट्रेलियांत सिडनी बंदराच्या तोंडाशीं नॉर्थ हेड येथेंही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १९८४ पर्यंत क्वारंटीनचें ठाणें होतें. तेथील वालुकाश्माच्या खडकांवर थांबवून ठेविलेल्या प्रवाशांनीं व खलाशांनीं हजाराहून अधिक लेख व आकृति कोरून ठेविल्या आहेत. जहाजाचें नांव, तारीख, स्वतःचें नांव, क्वचित् एखाद्या गलबताची आकृति, असें त्यांचें स्वरूप आहे.

ह्या सर्व खुणांचा अर्थ एकच आहे: 'मी येथें होतों.' उद्यां आपण जगूं कीं मरूं हें ज्याला ठाऊक नाहीं, तो प्रथम आपल्या अस्तित्वाची नोंद करितो. कलेची ही पहिली पायरी होय. तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं. तथापि ती पहिलीच पायरी आहे हेंही विसरतां कामा नये. भिंतीवर नांव लिहिणारा 'मी होतों' एवढें सांगतो. 'मी कसा होतों' हें सांगण्यासाठीं त्याला आणखी एक पायरी चढावी लागते, आणि तेथें आरशाची गरज पडते.

चित्रकार स्वतःचेंच चित्र कां काढतात, असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थी विचारतात. त्यांना तो गर्वाचा प्रकार वाटतो. वस्तुतः त्याचें पहिलें कारण अगदीं साधें आहे. समोर बसावयास दुसरें कोणी नसतें. मेक्सिको देशांतील चित्रकर्त्री फ्रीडा काहलो ही १९२५ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, बसच्या भयंकर अपघातांत सांपडली आणि तिला महिनोन्महिने अंथरुणावर पडून राहावें लागलें. तिच्या आईनें पडल्यापडल्या चित्र काढतां येईल अशी घोडी तिच्यासाठीं करवून घेतली आणि पलंगाच्या छताला आरसा बसविला. पुढें फ्रीडाने स्वतःचीं पन्नासांहून अधिक चित्रें काढिलीं. तिला झालेला तो साथीचा रोग नव्हता. पण खोली, पलंग आणि आरसा ह्या तीनच वस्तूंत मनुष्याचें जग सामावलें म्हणजे काय होतें, हें तिच्या उदाहरणावरून चांगलें समजतें. जो एकच मनुष्य सदैव समोर हजर असतो, तो आपण स्वतः.

साथीच्या काळांतील आत्मचित्रांत सर्वांत प्रसिद्ध चित्र नॉर्वे देशाच्या एडवर्ड मुंक ह्या चित्रकाराचें आहे. मुंकचा जन्म १८६३ सालचा. तो पांच वर्षांचा असतां त्याची आई क्षयानें वारली, आणि १८७७ मध्यें त्याची वडील बहीण सोफी हीही त्याच रोगानें गेली. आजाऱ्याची खोली हें त्याचें जणूं दुसरें घरच होतें. बहिणीच्या आठवणीवरून त्यानें काढलेलें 'आजारी मूल' हें चित्र त्यानें पुढील चाळीस वर्षांत पुनःपुन्हां, एकूण सहा वेळां, रंगविलें. १९१८-१९ मध्यें ज्या साथीला लोक स्पॅनिश फ्लू म्हणत, ती जगभर पसरली. ह्याच साथीनें आपल्या देशांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे. १९१९ मध्यें मुंकनें ह्या रोगांतील स्वतःचें चित्र रंगविलें. तें आज ओस्लो येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

हें चित्र सुमारें दीड मीटर उंच आहे. त्यांत मुंक वेताच्या खुर्चींत बसला आहे. अंगांत घरांत घालावयाचा झगा, मांडीवर पांघरूण, आणि जवळच विस्कटलेला बिछाना. चेहरा फिकट पिवळट, केस विरळ आणि तोंड अर्धवट उघडें, जणूं श्वास घ्यावयासही कष्ट पडत आहेत. तो पाहणाऱ्याकडे वळून पाहत आहे, पण डोळ्यांच्या जागीं नीटशी दृष्टि नाहीं. आपण कोणी मोठे चित्रकार आहों ह्याची एकही खूण त्यानें त्यांत ठेविली नाहीं. रंगाची पाटी नाहीं, कुंचला नाहीं, चांगला पोशाख नाहीं. आहे तो केवळ एक थकलेला, भ्यालेला, पण न लपणारा मनुष्य. मुंक ह्या आजारांतून वांचला आणि १९४४ पर्यंत जगला. १९३० मध्यें त्याच्या उजव्या डोळ्यांत रक्तस्राव झाला, तेव्हां त्या बिघडलेल्या डोळ्याला जग कसें दिसतें त्याचींही चित्रें त्यानें काढून ठेविलीं. जें दुःख आलें त्याकडे तोंड फिरवावयाचें नाहीं, हाच त्याचा नियम दिसतो.

दुसरें उदाहरण ह्याहून करुण आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथें एगॉन शीले नांवाचा तरुण चित्रकार होता. १९१८ मध्यें त्यानें एक कुटुंबाचें चित्र रंगवावयास घेतलें. त्यांत पुरुष आहे तो शीले स्वतः. त्याच्या पुढें एक स्त्री आणि तिच्या पायांशीं लहान मूल. त्याला तोंपर्यंत मूल झालेलें नव्हतें. त्याची पत्नी एडिथ पुढें त्याच वर्षीं गरोदर राहिली. ऑक्टोबर महिन्यांत फ्लूची साथ त्यांच्या घरांत शिरली. आजारी पत्नीचें चित्र त्यानें तिच्या शेवटच्या दिवसांत काढिलें. २८ ऑक्टोबरला ती वारली. तिला सहावा महिना होता. तीन दिवसांनीं, ३१ ऑक्टोबरला, शीलेही गेला. त्याचें वय अठ्ठावीस वर्षांचें होतें. कुटुंबाचें तें चित्र अपुरेंच राहिलें, आणि व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर संग्रहालयांत तें आज टांगलेलें आहे. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. चित्र हें औषध नव्हे. त्यानें ज्वर उतरत नाहीं कीं मृत्यु टळत नाहीं. मग त्याचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो समजण्यासाठीं चित्र काढण्याची क्रिया थोडी बारकाईनें पाहिली पाहिजे. कोणीही नवशिका मनुष्य आपलें तोंड काढूं लागला म्हणजे तो बहुधा डोळे फार वर, जवळजवळ कपाळांत, काढतो. वास्तविक डोळे डोक्याच्या अगदीं मध्यावर असतात. माथ्यापासून डोळ्यांपर्यंत जेवढें अंतर, तेवढेंच डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. पट्टी घेऊन मोजल्यावांचून हें कोणास खरें वाटत नाहीं. ही चूक होते ती हात कच्चा असतो म्हणून नव्हे. डोळे, नाक व तोंड आपणांस महत्त्वाचे वाटतात आणि कपाळ व माथा बिनमहत्त्वाचे वाटतात, म्हणून बिनमहत्त्वाच्या भागाला आपण कमी जागा देतों. म्हणजे आपण दिसतें तें काढीत नाहीं. आपल्या समजुतीप्रमाणें काढतों.

आणखी एक गंमत करून पाहावी. एक डोळा मिटून आरशासमोर उभें राहावें आणि साबणाच्या वडीनें कांचेवर आपल्या चेहऱ्याची कड आंखावी. मग ती आकृति पट्टीनें मोजावी. ती खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरते. आपण जवळ उभे राहा कीं दूर, ती निम्मीच राहते, कारण प्रतिमा आरशाच्या मागें तेवढीच दूर असते जेवढे आपण त्याच्या पुढें असतों. जन्मभर आपण आरसा पाहतों, पण ही गोष्ट किती जणांच्या लक्षांत आलेली असते? शिवाय आरशांत डावें उजवें उलटतें; म्हणून जो चेहरा आपण नित्य पाहतों तो दुसऱ्या कोणीं कधीं पाहिलेला नसतो, आणि जो चेहरा सर्व जगाला दिसतो तो आपणांस आरशांत दिसत नाहीं.

ह्या साध्या गोष्टींतच चित्रकलेचा आत्मपरीक्षणाशीं असलेला संबंध आहे. समजूत एक, आणि वस्तु दुसरी. चित्र काढणें म्हणजे समजुतीला वस्तूपुढें उभी करून तिची परीक्षा घेणें. डोळ्यांनीं पाहिलें तें हातानें कागदावर उतरविलें कीं मागाहून नाकारतां येत नाहीं. याकोबाच्या दृष्टांतांतील मनुष्य विसरला, कारण त्यानें नुसतें पाहिलें. त्याच्या हातांत पेन्सिल असती तर विसरणें त्याला कठीण गेलें असतें. फोनवर स्वतःचें छायाचित्र घेणें आणि स्वतःचें चित्र काढणें ह्यांतलाही भेद हाच. छायाचित्र क्षणांत निघतें, आणि जें आवडलें नाहीं तें पुसून दुसरें घेतां येतें. चित्र काढणाऱ्याला मात्र तास दीड तास त्याच तोंडापुढें बसावें लागतें.

हें सर्व आम्हांस पुस्तकांवरून ठाऊक होतें; अनुभव नव्हता. एप्रिल २०२१ मध्यें तो आला. आम्हांस रोगानें गांठलें, आणि चौदा दिवस एका खोलींत राहण्याचा प्रसंग आला. घरचीं मंडळी ताट दारापुढें ठेवून जात. दर सहा तासांनीं बोटाला यंत्र लावून ऑक्सिजनचा आंकडा वहींत टिपावा, आणि उरलेला वेळ खिळ्याला टांगलेला दाढीचा आरसा पाहावा, असा क्रम होता. जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद जवळ होते. त्यांवर आम्हीं रोज एक याप्रमाणें स्वतःचें तोंड काढूं लागलों. पहिलें चित्र मुख्याध्यापकांच्या खोलींत टांगावें तसें करारी निघालें; डोळे अर्थात् कपाळांत होते. तिसऱ्या दिवशीं पट्टीनें मोजून काढिलें, तेव्हां ओठ घट्ट मिटलेले दिसले आणि भिवया वर चढलेल्या. आम्हीं ओठांना थोडें हसूं आणावें म्हणून खोडरबर चालविला. कागद फाटला, पण हसूं आलें नाहीं. त्याच सकाळीं आम्हीं फोनवरून आमच्या वर्गाला धीर धरण्याचा उपदेश केला होता आणि भिण्यासारखें कांहीं नाहीं असें सांगितलें होतें. कागदावरचा मनुष्य भ्यालेला होता. त्या दिवशीं प्रथमच आम्हीं दाराआडून घरच्यांना सांगितलें कीं, आम्हांस भय वाटतें. सांगितल्यानें भय गेलें नाहीं, पण त्याच्याशीं एकट्यानें झुंजणें थांबलें.

सहाव्या दिवशीं बातमी आली कीं, आमच्या शाळेचे घंटेवाले मामा रुग्णालयांत वारले. वीस वर्षें आम्हीं त्यांच्या टोलावर वर्गांत गेलों आणि त्यांच्याच टोलावर बाहेर आलों. अंत्ययात्रेला जाणें शक्य नव्हतें. खोलीबाहेर पडणेंसुद्धां शक्य नव्हतें. संध्याकाळीं मनांत आलें कीं, आज आपलें तोंड नको, मामांचें काढूं. कागद पुढें घेतला. टोपी काढिली. टोल देण्याची हातोडी काढिली. ती धरणारा हात, खांद्यावरचा रुमाल, इतकें निघालें. मग चेहऱ्याची कड आंखली, आणि हात थांबला. त्यांचें नाक कसें होतें? डोळे लहान कीं मोठे? हनुवटी कशी? आम्हांस कांहींएक आठवेना. दिवसांतून आठ वेळां ज्या माणसाकडे पाहून मान हलविली, त्या माणसाचें तोंड आम्हीं कधीं पाहिलेंच नव्हतें. आम्ही घंटा पाहत होतों, घड्याळ पाहत होतों. कागदावर टोपीखालीं कोरी जागा राहिली.

आमचीं आत्मचित्रें आठ दहा झालीं असतील. पण आमचें खरें चित्र जर कोणतें असेल तर तें हेंच. 'आपण कसे होतों' ह्याचें उत्तर आरशानें दिलें नाहीं, तें त्या कोऱ्या जागेनें दिलें. मुंकचें धैर्य आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. आपलें भय कागदावर पाहणें हें अवघड आहे खरें. पण आपलें दुर्लक्ष कागदावर पाहणें त्याहून अवघड आहे, असें त्या संध्याकाळीं आम्हांस कळून आलें.

येथें एक गोष्ट कबूल करणें न्याय्य होईल. निराळी खोली, पाठकोरे कागद आणि दारापुढें ताट, हें ज्यांना मिळालें ते भाग्यवान. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत हजारों मजूर मुलेंबाळें घेऊन मुंबईहून व इतर शहरांतून आपल्या गांवीं पायीं निघाले होते. कित्येक कुटुंबांत एकाच खोलींत सात आठ माणसें दिवस काढीत होतीं. त्यांना एकांत म्हणजे काय हेंच माहीत नव्हतें. ज्यांचा रोजगार बुडाला त्यांना आत्मपरीक्षणाचा उपदेश करणें हें केवळ अरसिकपणाचें नव्हे, निष्ठुरपणाचें होय. म्हणून साथ ही कलावंताला लाभलेली सुटी होती असें कोणी म्हटल्यास तें आम्हांस मान्य नाहीं. ज्याला अवकाश मिळाला, त्याच्यावर त्या अवकाशाचा हिशेब देण्याची जबाबदारी आली, एवढेंच आम्ही म्हणूं.

आणि तो हिशेब आपल्याच तोंडापाशीं संपूं नये. इंग्लंडचा प्रसिद्ध चित्रकार डेव्हिड हॉक्नी, जन्म १९३७ सालचा, हा २०२० च्या वसंतांत फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतांत आपल्या घरीं होता. वय ऐंशीच्या पुढें. म्हणजे साथीचें भय त्यालाच अधिक. त्यानें आयपॅड ह्या यंत्राच्या कांचेवर घराभोंवतींचीं झाडें, फुलें, तळें, पाऊस ह्यांचीं चित्रें रोज काढिलीं. आरंभीं निष्पर्ण फांद्या, मग कळ्या, मग बहर, असा सबंध ऋतु त्यांत उतरला आहे. त्यांपैकीं ११६ चित्रें पुढल्या वर्षीं लंडनच्या रॉयल अकॅडमींत मांडण्यांत आलीं. डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांचें एक चित्र त्यानें टाळेबंदीच्या आरंभींच लोकांना पाठविलें; वसंत ऋतु कोणास रद्द करतां येणार नाहीं, अशा आशयाचें नांव त्यानें त्याला दिलें होतें. ह्या चित्रांत हॉक्नीचें तोंड कोठेंच नाहीं. तरी तो मनुष्य कसा आहे हें त्यांवरून कळतें. ज्याकडे आपण लक्ष देतों त्यावरून आपली ओळख पटते, आणि ज्याकडे लक्ष देत नाहीं त्यावरूनही पटते.

विद्यार्थिमित्रहो, पुन्हां अशी साथ येऊं नये अशी आपण सर्वजण प्रार्थना करूंच. परंतु आजार, सुटी, पावसाची झड, परीक्षेनंतरचे रिकामे दिवस, असे लहानमोठे एकांत प्रत्येकाच्या वाट्याला येतात. तेव्हां करून पाहण्यासारखी एक रीत सांगतों. चित्रकला येत नाहीं ही सबब सांगूं नये. येथें कोणी गुण देणार नाहीं. एक शिसपेन्सिल, पाठकोरा कागद आणि घरांतला कोणताही आरसा पुरे. खोडरबर दूर ठेवावा. अर्धा तास घड्याळ लावून बसावें आणि जें दिसेल तेंच काढावें. जसें असावेंसें वाटतें तसें काढूं नये. खालीं तारीख घालावी आणि त्या दिवशीं मनांत जें खरोखर असेल तें एका वाक्यांत लिहावें. हें कोणास दाखवावयाचें नाहीं, म्हणून खोटें लिहिण्याचें कारण नाहीं. आठ दिवसांनीं सगळे कागद ओळीनें मांडावे आणि शांतपणें पाहावे.

त्यानंतर दुसरा प्रयोग करावा, आणि आमच्या मतें तोच अधिक महत्त्वाचा. आई, आजोबा, वर्गांतला शेवटच्या बांकावरचा मुलगा, दूध घालणारा गडी, ह्यांपैकीं कोणा एकाचें तोंड न पाहतां, केवळ आठवणीनें काढावें. जेथें हात अडेल तेथें कागद कोराच ठेवावा. बनवून कांहीं भरूं नये. मग त्या माणसाकडे जावें आणि त्याच्याकडे नीट पाहावें. कोरी जागा भरून काढण्याची संधि तुम्हांस आहे. सर्वांनाच ती मिळते असें नाहीं.

शाळा पुन्हां सुरू झाल्यावर मामांचा मुलगा कांहीं कागदांवर सही घेण्यासाठीं कचेरींत आला होता. आम्हीं त्याच्यापाशीं वडिलांचें छायाचित्र मागितलें. त्यानें पाकिटांतून काढून दाखविलें. डोळे लहान आणि हसरे होते. नाक जरा बसकें. डाव्या भिवईवर बोटभर लांबीचा जुना व्रण होता. लहानपणीं झाडावरून पडले होते, असें मुलानें सांगितलें. वीस वर्षें तो व्रण रोज आमच्या समोर होता. त्या रात्रीं आम्हीं जुना कागद काढिला आणि टोपीखालच्या कोऱ्या जागेंत तो व्रण प्रथम काढिला. बाकीचा चेहरा मागाहून.